पुढचे, बर्फ गेल्यावर

शुशानिक आली ती गाडी ढकलवून घेत.
शेजारची दोन पोरं मागून रेटत होती
आणि ती स्टिअरिंग असं धरून बसली होती
जसं दुसऱ्याचं कुत्रं कुणी साखळीला धरावं.
राझमिकची झिगुली. ग्युमरी ते येरेवान,
वीस वर्षं टॅक्सी. फेब्रुवारीत तो गेला,
त्यानंतर आज पहिल्यांदा तिनं किल्ली फिरवली होती.

"प्लग कधी बदलायचे असतात?"
दार न उघडता, काच अर्धी खाली करून.

पुस्तकात आकडा असतो, म्हटलं. तीस हजार.
पण पुस्तकातली गाडी पेट्रोलवर चालते,
तुझी गॅसवर. गॅस असा सहज पेट घेत नाही,
ठिणगीला जोर लागतो, टोकं लवकर झिजतात.
आणि तुझ्या मीटरला घरं पाचच.
ते दोनदा फिरून शून्यावर आलं की तीनदा,
हे त्या मीटरलाही ठाऊक नाही.
आकडा सोड. सकाळी कशी उठते ते सांग.

"खोकते," ती म्हणाली. "चढावर लंगडते.
सिग्नलला उभी राहिली की अंगात कापरं.
मला वाटलं, थंडी."

थंडीच्या नावावर काय काय खपतं.
या गावात माणसं दुखणी अंगावर काढतात
आणि यंत्रांनाही तीच सवय लावतात.

इंजिन गार होतंच.
चौघांना बाहेर काढून फडक्यावर ओळीनं निजवलं,
कोण कुठल्या खोलीतला हे विसरलं
की संपलं निदान.
पहिला बिस्किटासारखा भाजलेला, ठीक.
दुसराही तसाच, पण टोक झिजून गोल,
चघळलेल्या पेन्सिलीसारखं.
चौथा पांढुरका, उन्हाळी लागल्यागत.
तिसरा तेलात न्हालेला, काळा, ओला:
हे प्लगचं दुखणं नव्हे, आत रिंगा गेल्यात,
नवा घातला तरी वर्षभरात असाच तोंड काळं करून बसेल.
हे मी तिला सांगितलं. अर्धं.

मग तिची नजर बॉनेटच्या आतल्या बाजूला गेली.
तिथं पेन्सिलीनं तारखा, एकीखाली एक,
राझमिकचे उभट, घाईतले आकडे,
दोन-तीन ग्रीझच्या बोटाखाली पुसलेले,
आणि शेवटी:
पुढचे, बर्फ गेल्यावर.

बाहेर काळ्या दगडाच्या भिंतीलगत पाणी वाहत होतं.
पांढरं उरलं होतं ते फक्त अरागात्सच्या माथ्यावर.

"मला म्हणायचा, गाडीला काही झालेलं नाही.
छातीबद्दलही हेच म्हणायचा."

मी फीलर गेज पुसत राहिलो.
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

नव्यांची फट मोजली, गॅससाठी किंचित कमी.
फार जवळ आणलं तर ठिणगी खुजी पडते,
फार लांब ठेवलं तर उडतच नाही.
(हे मी दोन लग्नांत बोललोय. कुणी हसलं नाही.)
तीन मी बसवले. चौथा तिच्या तळहातावर ठेवला.
आधी नुसत्या बोटांनी. पाना नंतर.
अडला तर रेटायचं नाही,
मागं फिरवायचं, पुन्हा लावायचं.
मोज्यांच्या कारखान्यात तीस वर्षं
तुटलेला धागा शोधत आलेली बोटं ती,
आटे त्यांना लगेच सापडले.

दुसऱ्या किल्लीला इंजिन लागलं.
तिसऱ्या खोलीतून जरा कुरकुर आली, मग तीही निवली.
मी खिशातली पेन्सिल पुढे केली.
तिनं हातमोजा काढला, तारखांच्या खाली हात नेला,
तिथंच थांबली.
"राहू दे," म्हणाली. "बर्फ दरवर्षी जातो."

पैसे मोजताना
चौथ्या प्लगची मजुरी तिनं कापून घेतली.
मी काही बोललो नाही. हिशेब बरोबर होता.